सरांचा गोऱ्हा

मे महिन्यातला शेवटचा रविवार, सकाळच्या चहानंतर. ठिकाण: सरांचं घर, लाखनी. हजर: सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पुण्याहून आलेली त्यांची मुलगी, कोपऱ्यावरचे मोटार रिवाइंडिंगवाले, आणि मी. गैरहजर: सर. ते या हिवाळ्यात गेले. पण असते तरी गैरहजरच राहिले असते, कारण कुठल्याही बैठकीची वेळ त्यांच्या लक्षात राहिल्याचं मला आठवत नाही.

विषय एकच होता. वहिनी आता मुलीकडे राहायला जाणार, घराला कुलूप लागणार, तर स्वयंपाकघरामागच्या खोलीत धानाच्या कोठीवर ठेवलेल्या मशीनचं काय करायचं?

"बंद करून टाकू," मुलगी म्हणाली.

"बंद त करू," रिवाइंडिंगवाले म्हणाले, "पण ते काय काय करून राहिलं, कोनाले मालूम आहे? कॉलनीची टाकी कशी भरते ते मले नाही माहीत, अन् मोटार मीच बसवली. भरते म्हणून भरते."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच यादी करा बाप्पा. तुमच्याशिवाय कोणाला जमणार?"

हे वाक्य सर जिवंत असताना कोणीतरी म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती.

आम्ही एकाच कनिष्ठ महाविद्यालयात होतो. ते पदार्थविज्ञान शिकवायचे, मी कार्यालय सांभाळते. माझ्या कपाटाच्या दाराला, कार्यालयातही आणि घरीही, आतून कागद लावलेला असतो: करायचे, झाले, बाकी. फॉर्मच्या तारखा, प्रयोगशाळेची तपासणी, कोणाच्या रजेचा अर्ज अडकलाय, सगळं त्यावर. माझ्या हातून सहसा काही राहत नाही. सरांच्या हातून सगळं राहायचं. उत्तरपत्रिका घरी राहायच्या, चष्मा वर्गात राहायचा, एकदा तर त्यांची सायकलच प्राचार्यांच्या घरासमोर राहिली आणि ते पायी घरी येऊन सायकल चोरीला गेली म्हणून हळहळत बसले. मी कोणाला एखाद्या गोष्टीची आठवण करून दिली की त्याच्या कपाळाला आठी पडायची. सर विसरले की लोक हसायचे, त्यांचं काम आपण करून टाकायचे आणि वर त्यांना चहा पाजायचे. हा हिशोब मला कधीच कळला नाही.

निवृत्तीच्या सुमारास कॉलेजचे जुने संगणक भंगारात निघाले. निर्लेखनाची यादी अर्थातच मी केली होती. त्या ढिगातला एक सरांनी रीतसर पावती करून घरी नेला. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, नुसता खोका. तो कोठीवर ठेवला, बॅटरीला जोडला, वायरने एक जुना मोबाइल बांधला आणि त्याचं नाव ठेवलं गोऱ्हा. "अजून जुवाले शिकला नाही," ते म्हणाले, "पण शिकंन. आपुन विसरतो ना मॅडम, तेवढं सारं याच्या खांद्यावर टाकून देतो."

पहिलं काम टाकलं ते कॉलनीच्या पंपाचं. आमच्याकडे लाइन, म्हणजे वीज, येते-जाते. लाइन आली की मोटार सुरू व्हावी आणि टाकी भरली की बंद व्हावी, एवढंच. सरांनी आपल्या लॅपटॉपवरून त्यात प्रोग्राम लिहिला, सुरू केला, मोटार घुरघुरली, सर खुश होऊन समोरची खिडकी बंद करून जेवायला बसले. थोड्या वेळाने सगळी कॉलनी बादल्या घेऊन दारात. झालं असं होतं की लॅपटॉपच्या पडद्यावरची ती खिडकी बंद केली की तिच्यातलं कामही मरतं. सर हे वहिनींना समजावून सांगत होते: "काम खिडकीत नाही ठेवा लागत, खिडकीच्या मागं बांधा लागते. मंग खिडकी बंद झाली तरी ते चरत राहते."

वहिनींच्या हातात रिकामी बादली होती. "तुमची खिडकी राहू द्या," त्या म्हणाल्या, "मोटारीचं बटन दाबा."

पण सर शिकले, आणि गोऱ्हाही शिकला. मग एकेक काम त्याच्यावर चढत गेलं. जुन्या विद्यार्थ्यांना वाढदिवसाचे संदेश. गल्लीतल्या लोकांच्या लग्नाच्या फोटोंच्या प्रती. वहिनींच्या माहेरच्या शेतकऱ्यांना रोज हवामानाचा निरोप: आज फवारू नका, दुपारून पाऊस येणार आहे. एखादं काम मध्येच बंद पडलं तर ते पुन्हा उभं करायला सरांनी एक राखणदार प्रोग्राम लिहिला. त्याचं काम एकच, बाकीच्यांकडे पाहत राहणं. आणि राखणदाराकडे कोणी पाहायचं? त्यासाठी ओसरीवर एक हिरवा दिवा. राखणदार ठीक असेल तोवर दिवा पेटलेला. जाता-येता सगळी गल्ली त्या दिव्याकडे बघायची. "हिरवा आहे," म्हणायची आणि निर्धास्त पुढे जायची. माझ्या कपाटाच्या दाराकडे कधी कोणी असं पाहिलं नाही.

सर मात्र ओसरीवर खुर्ची टाकून उकडलेले शिंगाडे सोलत बसायचे. मी कामावरून परतताना हातात पिशव्या, डोक्यात उद्याच्या सात गोष्टी, आणि हा माणूस शिंगाड्याची काळी टरफलं कागदावर गोळा करतोय.

"काही काम नाही वाटतं?" मी विचारायची.

"आहेत ना, लय आहेत," ते म्हणायचे. "मागच्या मागं होऊन राहिले. बसा, शिंगाडे खा."

मी बसत नसे. हातातल्या पिशव्यांचा मला राग यायचा, त्यांच्या खुर्चीचाही.

त्यांचं एक खूळ होतं, आणि त्याची मला सगळ्यात जास्त चीड यायची. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, म्हणून पोळ्याच्या दिवशी गोऱ्ह्याला सुट्टी. आदल्या संध्याकाळी, बैलांचे खांदे शेकतात तशी, खांदशेकणी: खोका उघडून रंगाच्या जुन्या ब्रशने पंख्यातली धूळ काढायची, मग शेतकरी बैलांना देतात तसं त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. दुसऱ्या दिवशी तो बंद. त्याला झेंडूची माळ, समोर पुरणपोळी. आणि त्या दिवसाची त्याची सगळी कामं सर स्वतः हाताने करणार.

"हे कायले?" वहिनींनी सुरुवातीला विचारलं होतं.

"वर्षातून एकदा निजवून उठवल्याशिवाय समजत नाही," सर म्हणाले, "कोणतं काम आपसूक उभं राहते अन् कोणतं आपल्या आठवणीवर चालून राहिलं. आठवणीवर चालते ते काम झालं असं समजूच नाही."

मी तिथेच उभी होते. माझं सगळं आयुष्य आठवणीवर चाललेलं. ते वाक्य मला बरेच दिवस टोचत राहिलं.

पोळ्याला सरांची कामं म्हणजे गल्लीचा तमाशा. मोटार सुरू करून ते तोरणाखालच्या बैलजोड्या बघायला गेले आणि टाकी वाहून रस्त्यावर तळं झालं. मी धावत जाऊन बटन बंद केलं. त्याबद्दल मला कोणी काही म्हटलं नाही. सर भिजलेल्या चपला हातात घेऊन परत आले तेव्हा मात्र तीन घरांतून त्यांच्यासाठी चहा आला. हवामानाचा निरोपही त्यांनी हाताने लिहिला: "ढग दिसून राहिले. मले वाटते पडंन. पण मले काय समजते." शेतकऱ्यांना वर्षभरातला हाच निरोप सगळ्यात जास्त आवडला.

आता आईचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

माझी आई करडीला एकटी राहते. शेती चुलतभाऊ करतो, त्याचं घर लागूनच आहे. आईला रक्तदाबाची गोळी रोज सकाळी लागते. मी रोज फोन करायची.

"गोळी घेतली का?"

"हाव."

"कोणती?"

"पांढरी."

"नाश्ता करून की आधी?"

"बाई, तू माही माय आहेस का मी तुही?" असं म्हणून ती फोन ठेवायची.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती माझ्याकडे आली होती तेव्हा आमच्या ओसरीवर सरांशी तिची गाठ पडली. धान, शिंगाडे, करडीचा बाजार, दोघांचं जमलं ते जमलं. गोऱ्ह्याची हकीगत ऐकून ती स्वतःच म्हणाली, "मंग माही गोळीबी त्याच्यावर टाक ना मास्तर. ही पोरगी रोज उलटतपासणी करते." मी आत कणीक मळत होते. सगळं ऐकू येत होतं.

आणि मग रोज सकाळी आईला फोन जायला लागला. सरांचा आवाज, एकदाच भरून ठेवलेला: "काकू, राम राम. लाखनीचा मास्तर बोलून राहिलो. गोळी घेतली असंन त एक दाबा. नसंन घेतली त घ्या, मंग दाबा. मी थांबतो."

आई गोळी घ्यायची, एक दाबायची. माझ्या मोबाइलवर संदेश यायचा: काकू, घेतली. माझं रोजचं एक काम कमी झालं. म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. संध्याकाळी मी फोन केला तर आई म्हणायची, "सांगितलं ना सकाळी मास्तरले." एवढंच. शेजारणींना ती सांगायची, मास्तर किती गरीब स्वभावाचा, मी गोळी घेईपर्यंत थांबतो. मशीन थांबतं, आई, असं मी तिला एकदा सांगितलं. "त तू काहून नव्हती थांबत?" ती म्हणाली.

पावसाळ्यातल्या एका सकाळी माझ्या मोबाइलवर संदेश आला: काकू, घेतली. थोड्याच वेळात आणखी एक: काकू, घेतली.

मी आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. चुलतभावाच्या बायकोला फोन करून आईकडे पाठवलं आणि सरांच्या दारात गेले. सर दाढी करत होते. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि गालाला तसाच साबण असताना पायात चपला सरकवल्या. रिवाइंडिंगवाल्यांच्या गाडीतून आम्ही करडीला गेलो. वाटेत ते एवढंच बोलले: "रातभर लाइन उड्या मारून राहिली होती. राखणदाराले वाटलं असंन का काम मेलं. त्यानं दुसरं उभं केलं. पण पहिलं मेलंच नव्हतं."

आई ओसरीवर खाटेवर पडली होती, पायांखाली उशी. डॉक्टर येऊन गेले होते. चक्कर आली होती, पडून राहा, पाणी प्या, दुपारी पुन्हा दाब मोजतो, घाबरण्यासारखं नाही, असं सांगून गेले होते. आईने जे केलं ते सरळ होतं. इतका शिकलेला माणूस दोनदा विचारतो म्हणजे आपलंच काही चुकलं असेल, म्हणून तिने दुसरी गोळी घेतली.

माझा तोल सुटला. "तुमचं मागच्या मागं!" मी सरांना म्हणाले. "माणसाने डोळ्यांनी बघायच्या गोष्टी असतात काही. बंद करा ते. आजच्या आज."

सर मान खाली घालून उभे. गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. आणि खाटेवरून आई म्हणाली, "त्याच्यावर कायले वरडतंस? गोळी मी घेतली, त्यानं नाही. मास्तर, बसा. चहा मांड व बाई."

मी चहा मांडला. त्या चुलीसमोर मला जितका हेवा वाटला तितका आयुष्यात कधी कोणाचा वाटला नसेल.

डॉक्टरांनी पुन्हा दाब मोजून ठीक म्हणेपर्यंत सर ओट्यावरून हलले नाहीत. मग मला म्हणाले, "मॅडम, माझं एक चुकलं. मी विचारलं, गोळी घेतली का. आजची घेतली का, असं विचारा लागत होतं. तुमी पुड्या करून द्या, वारावारच्या. तुमच्याएवढ्या नेमक्या कोणी नाही करणार." मी आठवड्याच्या पुड्या केल्या, प्रत्येकीवर वार लिहिला. सरांनी सात वारांचे सात आवाज नव्याने भरले: आज बुधवार, बुधवारची पुडी उघडा. आणि गोऱ्ह्याला नवा नियम घातला. काम सुरू होण्याआधी पाहायचं, या कामावर आधीच कोणी जुंपलेलं आहे का. असेल तर गुपचूप परत फिरायचं. पुन्हा कधी दोन संदेश आले नाहीत.

करडीत आईने सगळ्यांना काय सांगितलं? "मास्तर खुद्द आले होते, अर्धी दाढी टाकून." मीही गेले होते. पुड्याही मीच केल्या होत्या.

त्या वर्षीच्या पोळ्याला गोऱ्हा बंद होता म्हणून सरांनी आईला स्वतः फोन केला. "काकू, राम राम. लाखनीचा मास्तर..." एवढं झालं आणि आईने एक दाबून फोन ठेवला. सरांनी पुन्हा लावला. "काकू, मी खरा बोलून..." पुन्हा एक, पुन्हा बंद. सर हे सांगताना हसून हसून खुर्चीतून घसरायचे. मला त्या गोष्टीने फार दिवस सुख दिलं. खोटं कशाला बोलू?

ते गेले त्या सकाळी वहिनींचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाल्या. मी तशीच आईला फोन लावला, तिला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून.

"आई, सर गेले."

"कोन?"

"आपले मास्तर. पहाटे."

"खोटं," आई म्हणाली. "आत्ता त बोलले माह्यासंगं. पुडी उघडा म्हणाले. थांबले बी." मग तिने फोन ठेवला. मी सरांच्या घरी पोचले तेव्हा ओसरीवर गर्दी होती आणि हिरवा दिवा पेटलेला होता.

तर, रविवारच्या बैठकीत मी यादी केली. काम नीट झालं, हे मीच सांगते. पंपाला रिवाइंडिंगवाले टाकी भरली की मोटार बंद करणारा फ्लोट स्विच बसवतील, बसवला. फोटो मुलीने आपल्या डिस्कवर घेतले. वाढदिवसाचे संदेश बंद. हवामान शेतकरी मोबाइलवर बघतात. शेवटी एकच काम उरलं, त्याच्यापुढे मी माझं नाव लिहिलं आणि गोऱ्हा माझ्या घरी आणला. तो आता माझ्या कपाटावर आहे. मुलीने मला आवाज कसा बदलायचा ते लिहून दिलं. सरांचे सात आवाज काढायचे, माझे सात भरायचे. सोपं आहे.

मी दार लावून बसले आणि सोमवारचा भरला. "आई, आज सोमवार. सोमवारची पुडी घे. घेतली असेल तर एक दाब." ऐकून पाहण्यासाठी लावला तर बाहेरच्या खोलीतून आमचे हे ओरडले, "घेतली! घेतली!"

त्यांना वाटलं, त्यांच्यासाठीच आहे.

पुन्हा भरला. पुन्हा ती सूचनाफलकावरची सूचना. "मी थांबते" हे दोन शब्द म्हणून पाहिले, ते तर आणखी वाईट वाटले, दम दिल्यासारखे. शेवटी आईला फोन करून सांगितलं, "सरांचा आवाज काढून माझा टाकतेय."

"कायले?"

"ते नाहीत ना आता."

"मले मालूम नाही का?" आई म्हणाली. "रोज एक दाबताना मालूम असते मले. पण मास्तर विचारते, मी एक दाबतो, ठेवून देतो. तू विचारशीन त एक दाबून कशी ठेवू? तुह्यासंगं त बोला लागन."

"मग बोल ना."

"तू गोळीशिवाय काही विचारलं त बोलू."

त्यानंतर मी आवाज बदलला नाही. कपाटाच्या दारावरची "आवाज बदलणे" ही ओळ खोडून टाकली. अजूनही रोज सकाळी सर माझ्या कपाटावरून माझ्या आईला फोन करतात, ती पुडी उघडेपर्यंत थांबतात, आणि मला संदेश येतो. मी पोळ्या लाटत असते. हेवा अजून गेलेला नाही. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात, पण तो रोज माझ्या आधी तिच्याशी बोलतो.

आता पोळा जवळ आलाय. ब्रश आणून ठेवला, झेंडूचं सांगून ठेवलं, पुरणाची डाळ भरली. त्या दिवशी गोऱ्हा बंद राहील, आणि फोन मी करणार. आईला काय विचारायचं ते आधी लिहून ठेवावं म्हणून कागद घेतला. पहिल्या ओळीत "गोळी" लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्या ओळीत "तब्येत" लिहिलं, ते पण गोळीच झालं, तेही खोडलं. सरांना असा कागद लागला नसता. कागद कपाटाच्या दाराला लावून ठेवलाय, वर मथळा आहे, खाली कोरा.

आईशी काय बोलायचं: बाकी.